चि. शेवंती हिस बाकडून

धोंडू भुवडाचं अक्षर घाटकोपरच्या निम्म्या स्वयंपाकघरांत होतं, पण धोंडू भुवड कोण हे त्यातल्या एकाही घराला ठाऊक नव्हतं.

स्टेशनजवळच्या गल्लीत रवजीशेठचं भांड्यांचं दुकान होतं. त्या दुकानाच्या पायरीवर डाव्या अंगाला पाट टाकून धोंडू बसे. पुढ्यात एक लाकडी ठोकळा, वाळूची लहानशी पिशवी, दोन छिन्न्या आणि एक हलकी हातोडी. गिऱ्हाइकाने ताट, वाटी, हंडा जे काय घेतलं असेल ते शेठ त्याच्याकडे सरकवायचा आणि म्हणायचा, "धोंडू, नाव घाल." धोंडू गिऱ्हाइकाकडे बघून विचारायचा, "काय घालू?" दिवसभरात त्याच्या तोंडून निघणारे शब्द बहुधा तेवढेच. पुढचं काम छिन्नी करायची. छिन्नी थोडी कलती धरायची, हातोडीचा घाव मनगटातून द्यायचा, खांद्यातून नाही. एका घावाला जवाएवढी रेघ उठते. अशा बारा-पंधरा रेघा झाल्या की एक अक्षर होतं. घाव जड झाला तर पत्रा आतून फुगतो आणि हलका झाला तर नाव वर्षभरात घासून जातं. धोंडूचं एकही नाव घासून गेलं नव्हतं.

हे काम त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आधी तो परळला एका गिरणीत, घडी खात्यात होता. कापडाच्या गठ्ठ्यांवर शिक्के मारायचे. कुठला गठ्ठा मद्रासला, कुठला कलकत्त्याला, कुठला अहमदाबादला. पंचवीस वर्षं शिक्के मारून पाच लिप्यांची वळणं त्याच्या हातात बसली. अक्षरं आली, भाषा एकही आली नाही. छातीत कापूस बसला तेव्हा डॉक्टरने गिरणी सोडायला सांगितली आणि स्वातंत्र्याच्या साली तो रवजीशेठच्या पायरीवर येऊन बसला. गिऱ्हाईक पाटीवर नाव लिहून देई, धोंडू त्यावरून उतरवी.

पण रोज शंभर नावं डोळ्यांखालून गेली की माणूस वाचायला लागतोच. धोंडू नावाचा शेवट आधी बघायचा. नाव कुठलंही असो, त्याच्या शेपटावरून घर कळतं, असं त्याचं मत झालं होतं. आणि या मताला पहिल्याच महिन्यात जबर ठोकर बसली होती.

एका गुजराती घरातलं ताट आलं. पाटीवर बाळबोध अक्षरांत लिहिलं होतं, 'हीराबा'. धोंडूच्या मुलखात, संगमेश्वराकडे, 'बा' म्हणजे बाप. नावाला बा लागला की तो जुना, जाणता पुरुष. ज्ञानबा, राघोबा, गणबा. देवसुद्धा याच शेपटाचे, म्हसोबा काय, खंडोबा काय. त्याचा स्वतःचा बाप गावात रामबा होता. तेव्हा धोंडूने सरळ मनाने विचारलं, "आजोबांचं ताट का?"

दुकानातली सगळी माणसं पोट धरधरून हसली. रवजीशेठ म्हणाला, "अरे धोंडू, बा एटले मा! आमच्यात बा ही आई असते. हीराबा म्हणजे म्हातारीबाई, सासू आहे ह्या बेनची."

धोंडूनेही हसून घेतलं. पण दिवसभर त्याला ते दुसरं काही सुचू देईना. तेच अक्षर, तोच काना, छिन्नीचे तेच चौदा घाव. इकडच्या ताटावर बसलं की बाप, तिकडच्या ताटावर बसलं की आई. समोर कुंदापूरकडच्या माणसाचं हॉटेल होतं. तो गल्ल्यावर बसून वेटरना ओरडायचा, "इल्लि बा! इल्लि बा!" पहिले कितीतरी दिवस धोंडूची मान आपोआप तिकडे वळायची. शेवटी त्याने विचारलंच. तो मालक म्हणाला, "काय नाय ओ, इकडे ये म्हणतो. बा म्हणजे ये." म्हणजे कानडीत ते नातंच नव्हतं. नुसती हाक होती.

त्या रात्री भटवाडीतल्या खोलीत जेवताना त्याने हे सगळं बायकोला आणि लेकीला सांगितलं. मालन म्हणाली, "तुम्हांला बरं सुचतं काय काय." शेवंती तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिने घास हातात धरून विचारलं, "मग बा, त्या गुजराती पोरी त्यांच्या बापाला काय म्हणतात?"

"बापूजी, असं काहीतरी."

"शी! एवढं लांबडं. हाक मारेपर्यंत बाप निघून जायचा."

तिघंही हसली होती. ते हसणं धोंडूला अजून कधीकधी भाकरी भाजताना ऐकू यायचं, कारण आता त्या खोलीत दुसरं ऐकण्यासारखं काही नव्हतं. चौपन्न साली मालन गेली. चाळीत त्याला 'नाववाले' म्हणत, गिरणीत 'भुवड' म्हणत, दुकानात 'धोंडू'. बा म्हणणारं एकच तोंड उरलं होतं आणि ते साकीनाक्याला नांदत होतं.

शेवंतीचं लग्न पन्नास साली झालं. नवरा दशरथ, साकीनाक्याच्या एका कारखान्यात लेथवर कामाला. मुलगा सरळ, निर्व्यसनी. लग्नात द्यायला धोंडूने शेठच्या दुकानातली जाड पत्र्याची पितळी कळशी निवडली आणि नाव घालायला बसला. शेठ म्हणाला, "धोंडू, नीट रीतसर घाल हां. श्रीयुत धोंडू रामा भुवड यांजकडून. लग्नाचं भांडं आहे, चार माणसं वाचतील."

"ती मला श्रीयुत म्हणत नाही, शेठ."

आणि त्याने कळशीच्या गळ्याखाली गोल वळणाने घातलं, 'चि. शेवंती हिस बाकडून. सन १९५०.' त्यातला बा त्याने इतर अक्षरांहून अर्धा जव मोठा काढला. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याने सांगितलंही नाही.

लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी पिऊ नये, ही रीत काही धोंडूने काढली नव्हती. त्याच्या बापाने पाळली होती, आज्याने पाळली होती. दिलेल्या दानाचं परत घेऊ नये, एवढंच त्याला माहीत होतं. तो दोन महिन्यांनी एकदा घाटकोपरहून चालत साकीनाक्याला जायचा. वाटेत नळावर पोटभर पाणी पिऊन घ्यायचा, लेकीच्या उंबऱ्याबाहेर पायरीवर तासभर बसायचा आणि तसाच परत यायचा. आत पाऊल टाकायचा नाही. आत गेलं की पाट मांडला जातो, आणि पाट मांडला की नाही म्हणता येत नाही.

पहिली दोन वर्षं शेवंती चेष्टा करायची. "बा, घसा वाळून मरशील एखाद्या दिवशी माझ्या दारात, नि लोक मला बोलतील." तिसऱ्या वर्षी चेष्टा थांबली. चौथ्या वर्षी ती त्याच्या शेजारी पायरीवर बसेनाशी झाली, आतूनच बोलायची. शेजारणी यायच्या, पायरीवर कोरड्या तोंडाने बसलेल्या म्हाताऱ्याकडे बघायच्या आणि मग आत शेवंतीकडे बघायच्या. या घरात अजून पाळणा हललेला नाही हे धोंडू नुसता तिथे बसून सगळ्या चाळीला सांगत होता. त्याला हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण कळूनही दुसरं वागता येत नव्हतं.

छप्पन सालच्या वैशाखात तो गेला तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. शेवंती बाहेर आली. हातात पाण्याचा तांब्या होता.

"घे, बा."

"शेवंते, असं काय करतेस? रीत ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे. आज घे."

"अगं, मूल होऊ दे. मग तांब्या कशाला, घागर तोंडाला लावतो."

"मूल राहू दे. मी देत्ये ना? मी कोणी नव्हे का?"

धोंडूने मान खाली घातली. हात पुढे झाला नाही. मग तिने तो तांब्या उंबऱ्यावर, त्याच्या पायांजवळ, सावकाश उपडा केला. पाणी पायरीवरून ओघळून त्याच्या वहाणांखाली गेलं.

"मग येऊच नको, बा," ती म्हणाली.

तो उठला आणि घरी निघून आला. त्यानंतर ती हाक त्याच्या कानावर पडली नाही. सुरुवातीला त्याला वाटलं, राग निवेल. मग वाटलं, मूल झालं की निरोप येईलच, तेव्हा जाऊ. दिवाळी गेली, दुसरी दिवाळी गेली. निरोप आला नाही. म्हणजे अजून काही नाही, असा त्याने अर्थ लावला आणि तो पायरीवर बसून दुसऱ्यांच्या लेकींच्या भांड्यांवर नावं घालत राहिला. 'हिस मामांकडून', 'हिस काकींकडून'. 'वडिलांकडून' आलं की छिन्नी थोडी रेंगाळायची.

अठ्ठावन्न सालच्या फाल्गुनात रवजीशेठची आई वारली. ब्याऐंशी वर्षांची होती. शेठच्या जातीत म्हातारं माणूस गेलं की त्याच्या नावाने भांडं वाटतात, त्याला लहाणी म्हणतात. शेठने तीनशे एक पितळी वाट्या काढल्या आणि पाटीवर गुजरातीत लिहून दिलं, 'मोंघीबा'.

"घाई नको, धोंडू. सुंदर झालं पाहिजे. बा पुन्हा नाही जायची."

धोंडू बसला. दिवसाला तीस-पस्तीस वाट्या व्हायच्या. मोंघीबा, मोंघीबा, मोंघीबा. हात आपोआप चालत होता, डोळे मोकळे होते आणि मन नको तिकडे जात होतं. शेठही दुपारी गिऱ्हाईक नसलं की पायरीवर येऊन बसायला लागला होता. आई गेल्यापासून त्याला गादीवर चैन पडत नव्हती.

एका दुपारी तो म्हणाला, "माझी बेन मुलुंडला दिलीय, ठाऊक आहे ना? कांता?"

"ठाऊक आहे."

"बा तिच्याकडे जायची तेव्हा घरून पाण्याचा लोटा नेत होती. दीकरीच्या घरचं पाणी नाही पिणार. आम्ही किती समजावलं. कांताला तीन पोरं झाली तरी नाही. आमच्यात पोर झालं तरी सूट नाही. कांता रडायची. बा म्हणायची, रड, पण मला लोटा भरून देऊ नको."

धोंडूची हातोडी थांबली.

"मग शेवटच्या दिवशी कांता आली," शेठ म्हणाला. "बाला शुद्ध नव्हती. कांताने चमच्याने पाणी घातलं तोंडात. म्हणाली, बा, आज तरी पी. तर ते ओठाच्या कडेने खाली आलं सगळं. गळ्याखाली गेलंच नाही. कांता अजून तेच बोलते. दुसरं काही बोलतच नाही."

शेठ उठून आत गेला. धोंडू हातातल्या वाटीकडे बघत राहिला. बाई असो की बाप्या, कच्छची असो की कोकणातला, त्या अक्षराखाली माणूस तेवढंच आडमुठं निपजतं, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःची भीती वाटली.

दोन दिवसांनी मोडीची पोती आली. जुनी, फुटकी भांडी वजनावर घ्यायची आणि गाळायला पाठवायची हा शेठचा जोडधंदा होता. पोती उपडी करून पितळ, तांबं, कासं वेगवेगळं लावायचं काम धोंडूकडेच असे. मोडीत नावं घातलेली भांडीही यायची. कुणाकुणाच्या आज्यांची, मोडलेल्या संसारांची. धोंडू ती न वाचता ढिगावर टाकायचा. वाचली की हात जड होतो.

पण दुसऱ्या पोत्यातून कळशी घरंगळत बाहेर आली आणि ती त्याला वाचावी लागली नाही. स्वतःचा हात माणूस ओळखतो. गळ्याखाली गोल वळण होतं, आणि त्यात एक अक्षर अर्धा जव मोठं.

"हे पोतं कुठलं?" त्याने मोडवाल्याला विचारलं.

"साकीनाका साइडचं. का हो? माल खराब हाय काय?"

"नाही. माल चांगला आहे."

त्याने कळशी मांडीवर घेतली. तिने ती मोडीत घातली होती. विकली म्हणावं तर एवढ्याशा पितळेचं काय येणार? म्हणजे डोळ्यांसमोर नको म्हणून. बाचं नाव घरात नको म्हणून. शेठने बाहेर येऊन कळशी बघितली, नाव वाचलं, आणि तो शहाणा माणूस, काही विचारलं नाही. "घेऊन जा घरी," एवढंच म्हणाला. "लहाणी समज."

खोलीवर त्याने कळशी नळावर नेऊन भरली. बुडाच्या सांध्यातून पाणी ठिबकायला लागलं. आधीपासून गळत होती की मोडवाल्याने आपटली, कळायला मार्ग नव्हता. त्या रात्री त्याने जेवण केलं नाही. रिकामी कळशी कोनाड्यात ठेवली, तर ती अख्खी खोली व्यापून बसल्यासारखी वाटायला लागली. चाळीत कुणाच्या तरी घरी पाहुणे आले होते. त्यांचा हसण्याचा आवाज भिंतीपलीकडून येत होता. धोंडू भिंतीला टेकून बसला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने म्हणाला, "शेवंते."

गुरुवारी त्याने कळशीच्या बुडाला कथलाचा डाग देऊन फट बुजवली. शुक्रवारी मोंघीबाची शेवटची वाटी संपली. दुकान बंद व्हायला अर्धा तास होता. धोंडूने कळशी ठोकळ्यावर घेतली आणि जुन्या ओळीखाली, त्याच वळणाने, नवी ओळ घालायला घेतली. शेठ गादीवरून मान उंच करून बघत होता. धोंडूने पाठ वळवली. ओळ संपल्यावर त्याने कळशी फडक्यात बांधली. त्याचं ठरलं होतं. मूल असो नसो, रविवारी जायचं आणि तिच्या हातचं पाणी मागून प्यायचं. दारातून हाकललं तर हाकललं.

रविवारी सकाळी तो चालत साकीनाक्याला पोचला. या खेपेला वाटेतल्या नळावर थांबला नाही. घसा कोरडा ठेवूनच गेला. शेवंतीच्या दाराला कुलूप नव्हतं, पण दारात बसलेली बाई अनोळखी होती आणि दोरीवरचे कपडे दुसऱ्याच कुणाचे होते.

शेजारच्या खोलीतून रामसुमेर बाहेर आला. दशरथच्याच कारखान्यात पॉलिशवर होता, बलियाकडचा. धोंडूला पाहून त्याने दोन्ही हात जोडले.

"अरे काका! केतना दिन बाद! ऊ लोग त गोवंडी चल गइल. महिना भर हो गइल. दशरथ को उधर अच्छा नौकरी मिला ना."

"बरी आहेत?"

"सब ठीक बा. दशरथ ठीक बा, बहिन ठीक बा, लइका ठीक बा."

रामसुमेरच्या बोलण्यात प्रत्येक वाक्याला हे शेपूट असायचं. त्यांच्या मुलखात त्याचा अर्थ नुसता 'आहे' असा, हे धोंडूला पूर्वीच कळलं होतं आणि त्याची त्याला गंमतही वाटायची. आज गंमत वाटायला सवड मिळाली नाही.

"कोण ठीक आहे?"

"लइका. बच्चा. सवा साल के हो गइल, दौड़ता है अब तो." रामसुमेर थबकला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळत गेलं. "काका, रउआ के मालूम नइखे?"

धोंडूने नाही अशी मान हलवली. रामसुमेरने त्याला बाजेवर बसवलं, पाणी आणायला वळला. "नको," धोंडू म्हणाला. "पाणी नको. पत्ता दे."

कुर्ल्यापर्यंत बस, मग चेंबूरपर्यंत दुसरी बस आणि पुढे गोवंडीपर्यंत पायी, असा तो चालला होता. नातू झाला होता. आनंद व्हायला हवा होता, आणि आत कुठेतरी तो होतही होता, पण त्याच्यावर दुसरंच काहीतरी दगडासारखं बसलं होतं. सवा वर्ष. तिने कळवलं नाही. आणि आता तो पाणी मागणार, तर ती म्हणणार, पोर झालं म्हणून आलास. आपण शुक्रवारीच ठरवलं होतं, हे कुणाला सांगायचं? त्याच्या मनातलं ऐकणारं त्या खोलीत कोनाड्याशिवाय कोण होतं? रीत मोडायला निघालेल्या माणसाची रीत वाटेतच आपोआप संपली होती, आणि मोडल्याचं पुण्य काही त्याच्या पदरात पडलं नव्हतं.

खोली सापडायला दुपार झाली. देवनारच्या कचऱ्याच्या ढिगांकडून घाण वारा येत होता, म्हणून बहुतेक दारं लोटलेली होती. शेवंती दारात तांदूळ निवडत बसली होती. पोर तिच्या पाठीला धरून उभं होतं. तिने वर बघितलं. सूप खाली ठेवलं. उठली नाही.

"पत्ता कुणी दिला?"

"रामसुमेरने."

"मग सगळंच सांगितलं असेल."

"सांगितलं."

"तरीच आलास."

धोंडू पायरीवर बसला. फडक्यात बांधलेली कळशी त्याने मांडीवर घेतली. "मी ते कळायच्या आधीच निघालो होतो, शेवंते."

"हो. सगळे आधीच निघालेले असतात."

"कळवलं का नाहीस?"

"कळवलं असतं तर आला असतास." तिने पोराला पुढे ओढून मांडीवर घेतलं. "म्हणून नाही कळवलं."

शेवंती सुपातल्या तांदळांकडे बघत बोलत राहिली. "त्या दिवशी तांब्या दिला ना तुला, तेव्हा तिसरा महिना होता मला. दशरथलासुद्धा आदल्याच दिवशी सांगितलं होतं. तुला सांगायचं म्हणून सकाळपासून वाट बघत होत्ये. मग मनात आलं, आधी पाणी पिऊ दे. एकदा माझ्यासाठी पिऊ दे, मग सांगत्ये. आई असती तर ती प्यायली असती."

"प्यायली असती," धोंडू म्हणाला.

वाऱ्याने सुपातला कोंडा उडाला. पोर धोंडूच्या फडक्यातल्या गाठोड्याकडे टक लावून बघत होतं.

"कळशी मोडीत दिलीस," तो म्हणाला. म्हणायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

"कुठली? ती?" शेवंतीच्या कपाळाला आठी पडली. "गळत होती ती. बुड गेलं होतं. घर हलवताना काय काय उचलायचं, एका हातात हा नि दुसऱ्या हातात गळकी कळशी?"

"बुड गेलं तर डाग द्यायचा असतो. मोडीत नाही घालायची."

"डाग देणारा बाप येत होता का घरी?"

धोंडूने फडकं सोडलं आणि कळशी तिच्यापुढे सरकवली. "दिलाय डाग."

शेवंतीने आधी बुड उलटं करून बघितलं. सांध्यावरून अंगठा फिरवला. मग कळशी सरळ केली आणि तेव्हा तिला नवी ओळ दिसली. जुनी ओळ काळवंडून गेली होती, खालची लखलखीत पिवळी होती. ती तिसरीपर्यंत शिकली होती. बोट ठेवून, एकेक शब्द सुटा करून तिने वाचलं. "बाला... शेवंतीकडून... पाणी. सन १९५८."

तिने पुन्हा एकदा वाचलं, या वेळी आवाज न काढता.

"हे कधी घातलंस?"

"शुक्रवारी. दुकानात."

"आणि रामसुमेर कधी भेटला?"

"आज. मघाशी."

ती अक्षरांवरून बोट फिरवत होती. "टोचतंय अजून," ती म्हणाली.

"नवं आहे. वापरात आलं की गुळगुळीत होतं."

तिने पोराला पायरीवर, धोंडूपासून हातभर अंतरावर बसवलं, "याच्याकडे बघ," एवढं म्हणाली आणि कळशी काखेला लावून नळाकडे गेली.

नळावर रांग होती. वीसेक हंडे-घागरी तिच्यापुढे होत्या. धोंडूला ती रांगेच्या शेवटी पाठमोरी उभी दिसत होती. तिने एकदाही वळून बघितलं नाही. पोर थोडा वेळ आजोबाकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघत राहिलं आणि मग त्याचे ओठ वाकडे व्हायला लागले. धोंडूला पोराशी काय बोलायचं ते आठवेना. दोन वर्षांत त्याने 'काय घालू' याखेरीज कुणाला काही विचारलं नव्हतं. त्याने नखाने पायरीच्या फरशीवर टकटक केलं, नाव घालतात तसं, जवाएवढ्या घावांनी. चौदा घाव, थोडं थांबून पुन्हा चौदा. पोर रडायचं विसरून त्याच्या बोटाकडे बघू लागलं.

ऊन सरकत पायरीवर आलं. घसा सकाळपासून कोरडा होता. ती कळशी घेऊन येईल, आत जाईल, दार लोटून घेईल, असंही होऊ शकतं, हे त्याला ठाऊक होतं. तसं झालं तर पोराला आत सोडायचं आणि निघायचं, एवढं त्याने मनाशी बांधून ठेवलं.

शेवंती आली. भरली कळशी काखेला होती, बुड कोरडं होतं. त्याच्याकडे न बघता ती उंबरा ओलांडून आत गेली. आत कळशी ठेवल्याचा जड आवाज झाला. मग काहीच नाही. मग पितळेवर तांब्या लागल्याचा आवाज. मग पुन्हा काही नाही. धोंडू फरशीकडे बघत बसला. बोट थांबलं होतं.

"बा, तिथे ऊन लागतंय," आतून शेवंती म्हणाली. "आत ये."

धोंडूने पोराला उचलून काखेत घेतलं. ते रडलं नाही. मग एका हाताने दाराची चौकट धरून त्याने वहाणा काढल्या.